स्क्रॅबल खेळणाऱ्याने अनोख्या इंग्रजी शब्दांचे अर्थ शिकावेत का?

गुहागरच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने विचारले आहे: "गेला दीड महिना मी स्क्रॅबलच्या अधिकृत यादीतील रोज ५० शब्द पाठ करतो. स्पर्धेत अर्थ कोणी विचारत नाही, म्हणून अर्थ पाहत नाही. पण आठवड्याभरात निम्मे शब्द विसरून जातो आणि ऐन खेळात एखादा आठवलाच, तर त्याला एस लागतो की नाही याची खात्री नसते. अर्थही शिकायला लागलो तर वेळ दुप्पट जाईल. पुण्याची स्पर्धा तीन महिन्यांवर आली आहे. काय करावे? शिवाय क्यू-ए-डी-आय आणि क्यू-ए-आय-डी या दोन शब्दांत माझा नेहमी गोंधळ होतो, तो कसा टाळावा?"

मी रत्नागिरीत राहतो. अक्षरांच्या टाइल बोर्डावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा हा खेळ बावीस वर्षे खेळत आलो आहे आणि गेली दहा वर्षे दर रविवारी सकाळी शाळकरी मुलांना तो शिकवतो, तेव्हा हा प्रश्न मला नवा नाही. उत्तरात स्पेलिंगे तुमच्याप्रमाणेच अक्षरांची नावे जोडून लिहीन, कारण या खेळात उच्चारापेक्षा अक्षरांनाच मोल आहे.

तुमचा प्रश्न वरवर वेळेचा दिसतो. परंतु तुम्ही जे लिहिले आहे त्यात दोन वेगळी दुखणी आहेत. शब्द टिकत नाहीत हे पहिले, आणि टिकलेला शब्द पुढे कसा वागतो, म्हणजे त्याला एस, ई-डी किंवा आय-एन-जी लागते की नाही, हे कळत नाही हे दुसरे. या दोन्हींवर शब्दकोशातील पूर्ण अर्थ पाठ करणे हा इलाज नव्हे, आणि अर्थाकडे पाठ फिरवणे हाही नव्हे. माझ्या अनुभवात पहिल्या दुखण्यावर शब्दाचे गाव कामाला येते आणि दुसऱ्यावर शब्दाची जात. गाव म्हणजे तो शब्द कोणत्या भाषेतून, कोणत्या मुलखातून इंग्रजीत आला ते. आणि जात म्हणजे शाळेच्या व्याकरणातली, नाम, क्रियापद, विशेषण, उद्गार यांपैकी तो काय आहे ते. एवढ्या दोन गोष्टी टिपण्यास प्रत्येक शब्दामागे फार तर दहा-पंधरा सेकंद लागतात.

अर्थात हे सारे खेळावर अवलंबून आहे. तुम्ही इंग्रजी शब्दकोडी सोडवत असता तर अर्थ हाच सगळा व्यवहार ठरला असता, कारण तेथे सूचना अर्थाचीच असते. अमेरिकेतील स्पेलिंगच्या स्पर्धांत मुलांना शब्दाचा अर्थ आणि उगम विचारण्याची मुभा असते आणि तयारीची मुले उगमावरूनच स्पेलिंग बांधतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलेल्या वर्डल या शब्द ओळखण्याच्या ऑनलाइन खेळात उत्तराचे शब्द रोजच्या वापरातले असतात, त्यामुळे तेथे अनोखे शब्द शिकून फारसे काही हाती लागत नाही. स्क्रॅबलमध्ये मात्र पंच फक्त एकच गोष्ट पाहतो: शब्द यादीत आहे की नाही. भारतातील बहुतेक स्पर्धा कॉलिन्स या कोशप्रकाशकाच्या यादीवर खेळल्या जातात आणि त्या यादीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत. इतक्या शब्दांचे अर्थ जगातील कोणत्याही खेळाडूला ठाऊक नसावेत.

अर्थाची गरज नाही असे म्हणणारे मित्र तुम्हाला न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सचे उदाहरण देतील, आणि ते उदाहरण खरे आहे. फ्रेंच बोलता येत नसताना काही आठवड्यांत फ्रेंच यादी पाठ करून तो २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, २०१८ मध्ये पुन्हा झाला, आणि २०२४ मध्ये स्पॅनिशचेही जगज्जेतेपद त्याने मिळवले. म्हणजे अर्थाशिवाय हा खेळ सर्वोच्च पातळीवर खेळता येतो, हे सिद्ध झाले आहे. परंतु त्यावरून निघते ते इतकेच की रिचर्ड्सला ते जमते. पानाचे पान नजरेने उचलून ठेवणारी स्मरणशक्ती ज्याला लाभली आहे त्याला आधाराची काठी लागत नाही. तुम्ही आणि मी निम्मे शब्द आठवड्यात विसरणारी माणसे आहोत, आपल्याला काठी हवी.

आधी शब्दाच्या जातीविषयी लिहितो, कारण तिने मला एक स्पर्धा गमवायला लावली आहे. सोळा वर्षांपूर्वी मुंबईत शेवटच्या फेरीत मी थोड्या गुणांनी पुढे होतो. बोर्डावर के-वाय हा दोन अक्षरी शब्द पडलेला होता. दोन अक्षरी शब्द मी तेव्हा नुकतेच पाठ केले होते, अर्थासकट नव्हे. मी त्याच्या शेवटी एस येईल असा एक शब्द उभा लावला आणि के-वाय-एस तयार केले. प्रतिस्पर्ध्याने शांतपणे चॅलेंज केले, म्हणजे शब्द यादीत तपासायला लावला, माझ्या टाइल परत रॅकवर, म्हणजे हातातली अक्षरे ठेवण्याच्या पट्टीवर, आल्या, त्या पाळीचे शून्य गुण मिळाले आणि डाव गेला. के-वाय म्हणजे जुन्या स्कॉटिश बोलीत "गाई". तो शब्द मुळातच अनेकवचनी असल्यामुळे त्याला पुन्हा एस लागण्याचा प्रश्नच नव्हता. हे मला त्या दिवशी ठाऊक असते तर तो एस मी मागे न जोडता पुढे जोडण्याची जागा शोधली असती आणि एस-के-वाय, म्हणजे साधे आकाश, बिनबोभाट उभे राहिले असते.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक शब्दापुढे त्याची जात लिहिलेली असते. आपल्या ओळखीचे उदाहरण घ्यायचे तर पी-ए-आय-एस-ए आणि पी-ए-आय-एस-ई हे दोन्ही शब्द यादीत आहेत. पहिला पैसा, दुसरा पैसे. पैसा या शब्दाला इंग्रजी पद्धतीने एस लागतो. पैसे हे आधीच अनेकवचन असल्याने त्याला लागत नाही. मराठी माणसाला हे पाठ करावेच लागत नाही, फक्त शब्द ओळखावा लागतो. उलट जी-एच-ई-आर-ए-ओ, म्हणजे आपला घेराव, हा इंग्रजीत क्रियापद म्हणूनही रूढ झाला आहे, म्हणून त्याला ई-डी आणि आय-एन-जी दोन्ही लागतात आणि आठ-नऊ अक्षरांचे घसघशीत शब्द मिळतात. वाय-सी-एल-ए-डी हा जुन्या इंग्रजीच्या धर्तीवरचा शब्द "वस्त्र ल्यालेला" अशा अर्थाचे धातुसाधित विशेषण आहे. त्यापुढे एस लावण्याचा विचारही मनात येऊ नये. पी-एस-एस-टी किंवा बी-आर-आर यांसारख्या उद्गारांना एस लागत नाही, पण ए-ए-एच या उद्गाराचे क्रियापद झालेले असल्यामुळे त्याला एस, ई-डी, आय-एन-जी सगळे चालते. उद्गारांच्या बाबतीत म्हणूनच अंदाजावर जाऊ नये, यादी पाहून वहीत खूण करावी.

आता गावाविषयी. कॉलिन्सच्या यादीत स्कॉटिश शब्दांचा एवढा भरणा का, असे मुले मला विचारतात. ब्रिटनमधील स्पर्धांची यादी पूर्वी चेंबर्स शब्दकोशावर आधारलेली होती, आणि चेंबर्स हा एडिंबरोचा, म्हणजे स्कॉटलंडच्या राजधानीतला कोश. त्याने घरच्या बोलीला उदारपणे जागा दिली आणि ते शब्द पुढच्या याद्यांत टिकले. आता या बोलीचा एक नियम पाहा. प्रमाण इंग्रजीतील "ओ" हा उच्चार स्कॉटिशमध्ये कित्येकदा ए-ई असा होतो. गो म्हणजे जाणे, त्याचे जी-ए-ई. नो म्हणजे नाही, त्याचे एन-ए-ई. सो म्हणजे तसे, त्याचे एस-ए-ई. टो म्हणजे पायाचे बोट, त्याचे टी-ए-ई. वो म्हणजे दुःख, त्याचे डब्ल्यू-ए-ई. स्लो नावाचे एक आंबट रानफळ आहे, त्याचे एस-एल-ए-ई. एका नियमात सहा शब्द आले. शिवाय जाणे हे क्रियापद आणि दुःख, बोट, फळ ही नामे, म्हणून या चौघांना एस लागतो हेही सांगावे लागत नाही. तुम्ही गुहागरचे आहात. घाटावरचा माणूस "नाही" म्हणतो तेथे आपल्याकडे "नाय" ऐकू येते आणि मालवणपर्यंत खाली गेलो की "कुठे"चे "खंय" होते, याची तुमच्या कानाला सवय आहे. ज्याच्या घरात बोली आणि शाळेत प्रमाणभाषा असते त्याला स्कॉटिश शब्द परके वाटण्याचे कारण नाही.

वेल्श गावाची ओळख दुसऱ्या कामासाठी हवी. रॅकवर एकही स्वर नसेल तेव्हा तेच आपल्याला सोडवते, कारण वेल्शमध्ये डब्ल्यू हे अक्षर स्वराचे काम करते. सी-डब्ल्यू-एम, उच्चार कूम, म्हणजे डोंगराच्या कुशीतली वाटीसारखी दरी. एव्हरेस्टच्या चढाईच्या वर्णनांत वेस्टर्न कूम तुम्ही वाचले असेल, तेच हे. सी-आर-डब्ल्यू-टी-एच हे एक जुने तंतुवाद्य आणि सी-डब्ल्यू-टी-सी-एच म्हणजे मायेची मिठी. डब्ल्यूच्या जागी मनात "ऊ" वाचा, स्पेलिंग आपोआप सुटे होते.

स्वर जास्त झाले तर पॅसिफिक महासागराकडे पाहावे. हवाईयन आणि माओरी भाषांत प्रत्येक अक्षरावयव स्वराने संपतो, त्यामुळे तेथून आलेले शब्द स्वरांनी भरलेले असतात. ए-ए म्हणजे हवाईतील खडबडीत लाव्हा, ए-ए-एल-आय-आय हे तिथलेच एक झाड, ए-यू-ई हा माओरी उद्गार. याच गरजेचा, पण वेगळ्याच गावचा एक चमत्कारिक शब्द म्हणजे ई-यू-ओ-यू-ए-ई. सहाही अक्षरे स्वर. ख्रिस्ती मठांतील लॅटिन गायनात ज्या शब्दांनी स्तोत्र संपते त्या "सेक्युलोरम आमेन" मधील व्यंजने गाळून उरलेले स्वर म्हणजे हा शब्द. स्वरलिपीत त्याचा खुणेसारखा उपयोग होई. मी तो दहा वेळा विसरलो होतो. ही हकीकत वाचल्यावर एकदाही विसरलो नाही.

तिबेटकडचे एक कुटुंबही पाठ करण्यासारखे आहे. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या जनावराला झेड-ओ, झेड-एच-ओ, डी-झेड-ओ, डी-एस-ओ आणि डी-झेड-एच-ओ असे पाच प्रकारे लिहिता येते. मादीसाठी झेड-एच-ओ-एम-ओ आणि डी-एस-ओ-एम-ओ. झेडचे १० गुण असल्याने हे जनावर एकदा दावणीला बांधले की वर्षानुवर्षे दूध देते.

मात्र माझ्या मते तुमचा सर्वांत मोठा साठा तुमच्याच किनाऱ्यावर आहे आणि तो तुम्ही वापरत नाही. यादीत बी-यू-एम-एम-ए-एल-ओ असा सात अक्षरी शब्द आहे. इंग्रजी कोश त्याचे मूळ मराठी देतात. हा आपला बोंबील. रॅकवरच्या सातही टाइल एकदम लावल्या की ५० गुण वरचे, आणि शब्दाचे स्वतःचे १३. म्हणजे एका बोंबलाचे किमान ६३ गुण. यादीतून वाचून हा शब्द मला दोनदा निसटला होता. हर्णैच्या बंदरावर लिलाव पाहत असताना तो आठवला, आणि तेव्हापासून बाजारात बोंबलाचा वाटा दिसला की त्याची दोन एम डोळ्यांसमोर येतात. एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई हाही मराठीच, आपला मुंगूस. त्याचा हंस-बदकांच्या गूसशी काही संबंध नाही, म्हणून त्याचे नेहमीचे अनेकवचनही साधा एस लावूनच होते.

जहाजांकडे वळलो तर पी-ए-टी-ए-एम-ए-आर म्हणजे आपली पत्तेमारी, मुंबईपासून मलबारपर्यंत माल वाहणारे शिडाचे तारू. सात अक्षरांत तीन ए. एरवी तीन ए आले की आपण कपाळाला हात लावतो, येथे तेच उपयोगी पडतात. जी-ए-एल-एल-आय-व्ही-ए-टी या शब्दात आपल्या कानाला गलबत ऐकू येते, फक्त एल दोन आणि शेवटून तिसरे अक्षर व्ही, एवढे ध्यानात ठेवावे. जी-आर-ए-बी म्हणजे हिसकावणे हे सगळ्यांना ठाऊक असते, पण कोशात त्याच स्पेलिंगचे एक निराळे नाम आहे: पश्चिम किनाऱ्यावरचे दोन-तीन डोलकाठ्यांचे जहाज, अर्थात कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातली गुराब. हे ठाऊक असल्याने गुण वाढत नाहीत. लिहिल्यावाचून राहवले नाही इतकेच.

रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर खलाशी म्हणून गेली. त्या खलाशांच्या हुद्द्यांची नावे इंग्रजांनी जशीच्या तशी उचलली. टी-आय-एन-डी-ए-एल हा तांडेल आणि एस-ई-आर-ए-एन-जी हा सारंग. दोन्ही नामे, दोन्ही सहा अक्षरी, दोघांनाही एस लागून सात अक्षरे होतात. तांडेल हा शब्द होडीवर आजही रोज वापरात आहे, आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी दाल्दी आणि कोळी घरांतल्या मुलांनाही तो इंग्रजी यादीत असेल अशी कल्पना नसते. सांगितल्यावर त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

महसुली शब्दांचा डोंगर तर वेगळाच: तालुका, तहसील, तहसीलदार, जमीनदार, हवालदार, चौकीदार, किल्लेदार, पेशवा. यांतील एक गंमत वहीत अवश्य लिहा. एल-ए-टी-एच-आय म्हणजे लाठी. तिला एस लावून लाठ्या केल्या आणि तीच सहा अक्षरे फिरवली तर टी-ए-एच-एस-आय-एल, तहसील होते. तिसऱ्यांदा फिरवली तर एल-ए-टी-आय-एस-एच, म्हणजे "किंचित उशिराचे". सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला हे तिन्ही शब्द एकत्र लक्षात ठेवणे जड जाऊ नये.

आपल्या शब्दांची अडचण एकच, त्यांची इंग्रजी स्पेलिंगे. कंपनी सरकारच्या काळात आपले शब्द रोमन लिपीत लिहिण्याची ठरलेली पद्धत नव्हती. ज्या साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले आणि कोशांनी सगळेच जपून ठेवले. ही अडचण म्हणजेच आपली कमाई. डाळ पाच प्रकारे लिहिता येते: डी-ए-एल, डी-ए-ए-एल, डी-ए-एच-एल, डी-एच-ए-एल आणि डी-एच-ओ-एल-एल. मात्र डी-एच-ओ-एल-ई ही डाळ नव्हे, तो रानकुत्रा, आपला कोळसुंदा. कडुनिंबाला एन-आय-एम, एन-ई-ई-एम आणि एन-ई-ई-एम-बी अशी तीन रूपे आहेत. शेवटचा बी बाहेरच्या खेळाडूंना चकवतो, पण "निंब" म्हणणाऱ्याला तो सहज आठवतो. नाचणी आर-ए-जी-आय अशी यादीत आहे, तशीच आर-ए-जी-जी-ई-ई अशीही आहे.

पर्यायी स्पेलिंगे का हवीत, याचे माझे आवडते उदाहरण "पक्का" हे आहे. पी-यू-के-के-ए हे त्याचे प्रचलित रूप. परंतु स्क्रॅबलच्या १०० टाइलमध्ये के एकच आहे, म्हणून हा शब्द लावायचा तर दुसऱ्या केसाठी ब्लँक, म्हणजे कोणत्याही अक्षराची जागा घेणारी कोरी टाइल, खर्च करावी लागते, आणि ब्लँक पाच अक्षरी शब्दावर उधळणे हे माझ्या लेखी पाप आहे. पी-यू-सी-के-ए हे दुसरे रूप ठाऊक असेल तर ब्लँक वाचते आणि १३ गुण मिळतात. हाच घोळ के-ओ-के-यू-एम या शब्दाचा. आपले कोकम यादीत आहे याचा मला अभिमान आहे, पण दोन के असल्यामुळे इतक्या वर्षांत मी ते प्रत्यक्ष एकदाच लावले आहे. फणस मात्र सदैव हाताशी ठेवावा: जे-ए-के, तीन अक्षरे, १४ गुण.

येथे एक इशारा द्यायला हवा. घरात बोलला जाणारा प्रत्येक शब्द यादीत असेलच असे धरून चालू नका. माझ्या एका विद्यार्थ्याला तांडेल आणि बोंबील सांगितल्यानंतर इतका हुरूप आला की पुढच्याच स्पर्धेत त्याने एका माशाचे घरगुती नाव बोर्डावर ठेवले आणि पाळी गमावली. ओळखीचा शब्द आठवला की तो आधी यादीत शोधावा, त्याचे नेमके स्पेलिंग आणि जात पाहावी, मगच वहीत घ्यावा. यादी ताजी असल्याचीही खात्री करून घ्यावी. २०२०-२१ च्या सुमारास जातीय आणि वांशिक अपमान करणारे बरेच शब्द स्पर्धांच्या याद्यांतून वगळले गेले, त्यामुळे इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या जुन्या याद्यांत आज बाद असलेले शब्द सापडतात. चॅलेंजचा नियमही आधी विचारून ठेवा. कुठे चुकीच्या चॅलेंजला काहीच दंड नसतो, कुठे पाच गुण जातात, कुठे संपूर्ण पाळी जाते. दंड जबर असेल तेथे अनोळखी दिसणारा पण खरा शब्द निःशंकपणे लावणाऱ्याचा फायदा होतो, आणि हा निःशंकपणा शब्दाशी ओळख असल्याशिवाय येत नाही.

तरीही सगळ्याच शब्दांना गाव विचारत बसू नये. दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. ते पाढ्यांसारखे घोकावेत. सकाळी दात घासताना म्हणता आले पाहिजेत, इतके. क्यूचा एकच, क्यू-आय. व्हीचा एकही नाही. एक्सचे पाच: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. यांत फक्त के-वायसारख्या अपवादांची जात टिपावी. दुसऱ्या टोकाला, सात अक्षरी शब्दांतील ज्यांची अक्षरे वारंवार हाती येतात त्यांच्यासाठीही अर्थाचा उपयोग थोडाच. टाइलमध्ये ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, एन, आर, टी प्रत्येकी ६, एस ४. ही सात अक्षरे एकत्र आली की त्यांतून आर-ई-टी-ए-आय-एन-एस, एन-ए-एस-टी-आय-ई-आर, आर-ई-टी-एस-आय-एन-ए, एस-टी-ए-आर-एन-आय-ई असे अनेक शब्द निघतात. रेट्सिना ही ग्रीसमधील राळेच्या स्वादाची वाइन आणि स्टार्नी ही स्कॉटिश चिमुकली चांदणी हे ठाऊक असले तर छानच. पण येथे सराव करायचा तो अक्षरे फिरवण्याचा, कारण अडचण शब्द न आठवण्याची नसून विस्कटलेल्या अक्षरांत तो न दिसण्याची असते.

म्हणजे गाव आणि जात यांची खरी गरज मधल्या मोठ्या पट्ट्यात आहे: तीन ते सहा अक्षरी अनोखे शब्द, जे, क्यू, एक्स, झेड असलेले शब्द, यूविना क्यू असलेले शब्द, आणि स्वर किंवा व्यंजने फार झाल्यावर सोडवणारे शब्द. तुम्ही आज विसरता ते बहुधा याच पट्ट्यातले असावेत.

तीन महिने हातात आहेत, तर रोजचे ५० शब्द कमी करून २० करा. हे वाचून तुम्हाला घाबरल्यासारखे होईल, पण ५० पैकी निम्मे गळत असतील तर आजही तुमची खरी कमाई २५ च आहे, आणि तीही डळमळीत. पहिले दोन आठवडे दोन अक्षरी शब्द पूर्ण करून जे, क्यू, एक्स, झेड असलेले तीन अक्षरी घ्या. त्यानंतरचा दीड महिना वरचा मधला पट्टा, गावांच्या गटांनी: एक दिवस स्कॉटिश, एक दिवस वेल्श, एक दिवस आपले. शेवटचा महिना सात अक्षरी शब्दांना द्या आणि त्या काळात नवे छोटे शब्द थांबवा. प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा विचारला गेला पाहिजे. संगणकावर यासाठी झिझिवा नावाचा कार्यक्रम आहे. ते नावही एका उष्णकटिबंधीय सोंड्या किड्याचे आणि यादीतलेच, पण त्यात तीन झेड असल्याने दोन्ही ब्लँक हाती आल्याशिवाय लावता येत नाही. आमच्याकडे आषाढात वीज आणि नेटवर्क दोहोंचा भरवसा नसतो, म्हणून मी स्वतः अजून वहीच वापरतो. वहीत तीन रकाने पुरतात: स्पेलिंग, जात, आणि गावासकट दोन-तीन मराठी शब्दांची खूण. "के-वाय; नाम, अनेकवचनी; गाई, स्कॉट." यापेक्षा लांब लिहू लागलात की अभ्यास संपून हस्ताक्षराची वही सुरू झाली असे समजावे.

राहिली तुमची शेवटची शंका. दोन्ही शब्द अरबी गावचे आहेत आणि दोन्ही तुम्ही मराठी बोलताना ऐकलेले आहेत. क्यू-ए-डी-आय म्हणजे काझी, निवाडा करणारा. काझीच्या शेवटी "ई" ऐकू येते, तसा या शब्दाच्या शेवटी आय आहे. क्यू-ए-आय-डी म्हणजे नेता, सरदार; "कायदे आझम" या पदवीतला "कायद" तो हाच, आणि त्याच्या शेवटी द म्हणजे डी आहे. दोन्ही नामे असल्याने दोघांनाही एस लागतो. क्यूऐवजी सी घालूनही दोन्ही वैध आहेत, आणि सी-ए-डी-आयची अक्षरे फिरवली तर ए-सी-आय-डी हा सर्वांना ठाऊक असलेला शब्द मिळतो. क्यू, ए, डी, आय ही चार अक्षरे हाती असताना गोंधळून जाण्याऐवजी आता दोन्ही मांडण्या करून पाहा. दोहोंत क्यू आणि ए जागच्या जागी राहतात, फक्त डी आणि आय जागा बदलतात. तेव्हा तिसऱ्या किंवा चौथ्या घरावर गुण दुप्पट-तिप्पट करणारा रंग असेल तर एक गुणाचा आय तेथे न पडता दोन गुणांचा डी पडेल असा शब्द निवडावा, आणि दोन्ही बाजूंना आधीच शब्द असतील तर ज्याच्या आडव्या जोड्या वैध ठरतात तोच घ्यावा.